अंधारातलं बटण

कथा लिहिणाऱ्याला संध्याकाळ फुकटात मिळते. ‘संध्याकाळ झाली’ असं लिहिलं की झाली. पाऊस हवा तर पाऊस, मधे दहा वर्षं जायला हवी असतील तर एका ओळीत तीही जातात. शॉर्ट फिल्म करायला घेतली की हे सगळे लाड बंद होतात. संध्याकाळ हवी असेल तर तिची वाट बघत बसायचं. ती येते आपल्या सवडीनं, जेमतेम वीस-पंचवीस मिनिटं टिकते, आणि नेमकं तेवढ्यात कुणीतरी म्हणतं, “एक मिनिट हं, कार्ड भरलं.”

मी बरीच वर्षं कथा लिहिते. फिल्म करावी असं काही लहानपणापासूनचं स्वप्न वगैरे नव्हतं. एक कथा कागदावर काही केल्या बसत नव्हती, एवढंच. गोष्ट छोटी आहे. शेजारचं कुटुंब काही महिन्यांसाठी परगावी गेलंय. कुंड्यांना पाणी घालायचं म्हणून त्यांच्या घराची किल्ली एका बाईकडे आहे. ती रोज जाते, पाणी घालते, येते. मग हळूहळू तिथे थोडं टेकायला लागते. मग जरा जास्त वेळ. एके दिवशी ती तिथे असताना त्या घरातला फोन वाजतो. ती उचलते. पलीकडून कोण काय बोलतं ते आपल्याला ऐकू येत नाही. ती एवढंच म्हणते, “हो, घरीच आहे.”

कागदावर ही कथा मला फार बोलकी वाटायची. बाईच्या स्वतःच्या घरात माणसं आहेत पण तिला तिथे टेकायला कोपरा नाही, हे सांगितल्याशिवाय मला राहवायचं नाही, आणि सांगितलं की कथेतला जीवच जायचा. एका मैत्रिणीला वाचायला दिली. ती म्हणाली, “अगं, ही बघायची गोष्ट आहे. तू उगाच सांगत बसली आहेस.” पुढे हीच मैत्रीण फिल्ममधली बाई झाली. सल्ला देणाऱ्याला कामाला लावावं, म्हणजे पुढचे सल्ले जपून मिळतात.

कॅमेऱ्यासाठी एका मित्राला गाठलं. तो पक्ष्यांचे फोटो काढतो. त्याच्याकडे बरा कॅमेरा होता हे खरंच, पण त्याला विचारलं ते तो तासन्‌तास न बोलता एका जागी बसू शकतो म्हणून. त्याला मी संहिता दिली, म्हणजे मला जी संहिता वाटत होती ती. त्यानं ती पेन्सिलीच्या खुणा करून परत आणली. ‘तिला आता त्या घराची सवय झाली होती’ या माझ्या आवडत्या वाक्याखाली रेघ होती आणि समासात बारीक अक्षरात प्रश्न होता: ‘कॅमेरा कुठे ठेवू?’

त्या प्रश्नानं मला जेवढं शिकवलं तेवढं पुढच्या सगळ्या खटपटीनं शिकवलं नसेल. सवय ठेवायची कुठे? तिला रंग नाही, आकार नाही, ती दाराच्या डाव्या बाजूला उभी राहत नाही. ‘सवय झाली’ हे दाखवायचं तर सवय नव्हती तेही आधी दाखवायला हवं, आणि दोन्ही वेळा काहीतरी एकच गोष्ट घडायला हवी. बरेच दिवस डोकं खाजवल्यावर उत्तर सापडलं ते भिंतीवरच्या बटणांत. परक्या घरात आपल्याला दिव्याचं बटण सापडत नाही. पहिल्या दिवशी बाई कुलूप काढून आत येते, अंधारात भिंत चाचपते, एक बटण दाबते तर पंखा सुरू होतो, तो बंद करते, दुसरं दाबते तर बाहेरच्या गॅलरीतला दिवा लागतो, मग कुठे तिसऱ्याला खोली उजळते. फिल्मच्या मध्यावर तीच बाई हातात बादली घेऊन आत येते, खांद्यानं दार लोटते, मान वळवून मागे बघत असतानाच तिचा हात भिंतीवर जातो आणि बरोबर बटणावर पडतो. दोन शॉट. बोलणं शून्य. माझ्या कथेत या मजकुराला दीड पान लागलं होतं.

मग सगळी संहिताच या प्रश्नाच्या तोंडी दिली. जे दिसतं किंवा ऐकू येतं तेवढंच ठेवायचं, तेही वर्तमानकाळात. ‘जाते, उघडते, टेकते.’ हुरहुर, पोकळी, अनामिक, कुठेतरी आत वगैरे माझा ठेवणीतला माल एकेक करून बाहेर पडला. पटकथेचं एक पान म्हणजे पडद्यावरचं साधारण एक मिनिट, असा ढोबळ हिशेब असतो. माझी वीसेक पानं आठ-नऊवर आली तेव्हा मला लुबाडल्यासारखं वाटलं, आणि दोन दिवसांनी वाचलं तेव्हा हलकं वाटलं.

लांबीचं म्हणायचं तर ऑस्कर देणारी अकादमी श्रेयनामावली धरून 40 मिनिटांपर्यंतच्या फिल्मला शॉर्ट मानते. नवख्या माणसानं तो आकडा विसरून जावा. चाळीस मिनिटं म्हणजे अर्धा चित्रपट आहे. 28 डिसेंबर 1895 ला पॅरिसमध्ये ल्युमिएर बंधूंनी तिकीट लावून जे पहिले चित्रपट दाखवले, ते प्रत्येकी मिनिटाभराच्या आतले होते, कारण फिल्मची गुंडाळीच तेवढी असायची. त्यात एक गंमतीची गोष्ट होती: माळी नळीनं झाडांना पाणी घालतोय, एक पोरगा मागून येऊन नळीवर पाय देतो, पाणी थांबतं, माळी नळीच्या तोंडात डोकावतो, पोरगा पाय काढतो. मुद्दाम रचून पडद्यावर सांगितलेल्या अगदी सुरुवातीच्या गोष्टींपैकी ही एक. तिला सुरुवात आहे, मध्य आहे, शेवट आहे, आणि झाडांना घालायचं पाणीही आहे. माझ्या विषयाला एवढा खानदानी पूर्वज निघेल असं वाटलं नव्हतं. आपल्याकडचा पूर्वजही कुंडीतलाच. दादासाहेब फाळके 1912 मध्ये इंग्लंडहून कॅमेरा घेऊन आले आणि त्यांनी सगळ्यात आधी कुंडीत वाटाणे पेरून त्यांची वाढ टिपली. रोज थोडं थोडं चित्रण, मग पडद्यावर बी रुजून त्याचा वेल होताना भराभर दिसलेला. भांडवल घालणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून केलेला हा उद्योग. पुढच्याच वर्षी त्यांचा पहिला कथापट लोकांसमोर आला. मला या गोष्टीतलं काय आवडतं, तर त्यांनी पहिल्या फटक्याला देव-दानव घेतले नाहीत. घरात जे होतं आणि जे आपण होऊन काहीतरी करत होतं, ते घेतलं.

कुंड्या मात्र नटांपेक्षा अवघड, हे सांगायला फाळके नव्हते. आमचं शूटिंग सगळ्यांच्या सुट्टीच्या दिवशी चालायचं. मधल्या दिवसांत झाडं आपलं वाढायचं काम करत राहायची. एका दृश्यात बाई पाणी घालायला वाकते तेव्हा मागच्या कुंडीत कळी आहे, तिच्या हाताच्या क्लोजअपमध्ये, म्हणजे कथेत दोन सेकंदांनी, फूल आहे. सत्यजित राय यांनी 1952 मध्ये पहिल्या चित्रपटाचं चित्रण सुरू केलं ते काशफुलांच्या माळरानावर. एक दिवस काम झालं, उरलेलं करायला आठवड्यानं परत गेले तर गुरांनी सगळी फुलं खाऊन टाकलेली. पुढच्या हंगामाची वाट बघावी लागली. हा किस्सा मी आमच्या मंडळींना सांगितला तेव्हा भाचा म्हणाला, “मावशी, आपण फूल तोडू या की.” तोडलं. त्याच्याकडे आवाजाचं काम होतं, पण सेटवर शहाणपण कुठल्याही खात्यातून येतं.

शूटिंग कथेच्या क्रमानं होत नाही, हे वाचून सगळ्यांनाच माहीत असतं. ते अंगावर आलं की मात्र गरगरतं. दाराचे सगळे प्रसंग एकदम उरकायचे, कारण दारापाशी एकदा दिवे लावले, तारा चिकटवल्या की ते परत परत कोण करणार? त्यामुळे मैत्रीण त्या घरात पहिल्यांदा पाऊल टाकते आणि शेवटचं पाऊल टाकते, हे दोन्ही एकाच सकाळी. मधली सगळी जवळीक तिच्याकडून अजून घडलेलीच नाही. मी तिच्यासाठी एक वही केली होती. प्रत्येक प्रसंगापुढे तीन गोष्टी: हा कितवा दिवस, किल्ली कुठल्या हातात, आणि या घरात ती आत्तापर्यंत सगळ्यात आत कुठवर गेली आहे. तिसरी नोंद मी सहज केली होती. तीच तिला सगळ्यात उपयोगी पडली. ती म्हणाली, “एकटेपणा वगैरे मला सांगू नकोस. फक्त खिडकीपर्यंत गेलेली बाई आणि पलंगावर बसलेली बाई, एवढं मला कळतं.”

नटाला भावना सांगायची नसते, काम सांगायचं असतं, असं नाटकवाले नेहमी म्हणतात. मला ते जरा कोरडं वाटायचं. पण ‘उदास दिस’ म्हटलं की शहाणीसुरती मैत्रीणही भुवया वर घेऊन खोलीच्या कोपऱ्याकडे बघू लागते. तेच ‘कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचलंय, ते न सांडता बेसिनपर्यंत ने’ असं सांगितलं, की तिचं सगळं लक्ष ताटलीच्या काठाकडे जातं, चालणं बदलतं, श्वास रोखला जातो, आणि बघणाऱ्याला वाटतं, हिच्या मनात केवढं काय चाललंय. त्या क्षणी तिच्या मनात फक्त लादी असते. हा खोटेपणा म्हणायचा तर म्हणावा. मला तो फार प्रामाणिक वाटला.

‘अ‍ॅक्शन’ असं ओरडायला मला शेवटपर्यंत जमलं नाही. पहिल्या दिवशी ओरडले तर मैत्रीण दचकली आणि ते दचकणं पुढचं मिनिटभर तिच्या खांद्यांत राहिलं. कॅमेऱ्यावरचा मित्र हळूच म्हणाला, “उडून जाईल ना ती.” मग मी “हं, जा” एवढंच म्हणायला लागले. ‘कट’ मात्र उशिरा म्हणायला शिकावं. ठरलेलं काम संपल्यावर माणूस पुढे काय करावं ते न कळून दोन-तीन सेकंद नुसता असतो. ते नुसतं असणं मागून कितीही सांगितलं तरी मिळत नाही. आमच्या फिल्ममधले बाईचे दोन सगळ्यात चांगले क्षण असेच, काम संपलंय असं तिला वाटल्यानंतरचे आहेत.

उजेडाबद्दल थोडक्यात, कारण तो विषय मित्राचा आणि त्यानं तो जवळजवळ न बोलता सांभाळला. खिडकीतून येणारा दिवसाचा उजेड साधारण 5600 केल्व्हिनचा (हे उजेडाच्या रंगाचं माप), पिवळ्या दिव्याचा 3000 च्या आसपास. डोळा दोन्हींना पांढरं मानून घेतो, कॅमेरा मानत नाही. दोन्ही एका चौकटीत आले की अर्धा चेहरा निळसर, अर्धा पिवळा. आम्ही ते चक्क वापरलं. दिवसा बाई खिडकीच्या निळसर उजेडात येते, रात्री त्या घराच्या पिवळ्या उजेडात, आणि फोनच्या प्रसंगात दोन्हींच्या मधे. चेहऱ्यावर सावली फार गडद पडली की समोरून थर्मोकोलचा पांढरा तुकडा धरायचा. याचा थोर वारसा सुब्रत मित्र यांच्याकडे जातो. वयाच्या एकविशीत, चित्रपटाच्या कॅमेऱ्याला आधी कधी हात न लावता, ते रायांचे छायालेखक झाले, आणि 1956 च्या त्यांच्या दुसऱ्या चित्रपटात सेटवर वर पांढरं कापड ताणून त्यावर दिवे मारून त्यांनी अंगणातला आभाळाचा मऊ उजेड तयार केला. बाकी, चित्रात दिवे मिणमिणायला लागले तर घाबरू नये. वीज 50 हर्ट्‌झची असेल तर दिवा सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतो. शटर सेकंदाच्या 1/50 वर ठेवलं की चित्र शांत होतं. आणि मोबाइलवर चित्रण करत असाल तर एक्स्पोजर आणि फोकस लॉक करावेत, नाहीतर बाई खिडकीवरून गेली की खोली आपोआप अंधारते आणि परत उजळते, जणू घरालाच दम लागलाय.

दिशेचं भान मात्र बसून शिकावं लागतं. बाई आपल्या दारातून निघताना पडद्यावर उजवीकडून डावीकडे गेली, तर शेजारच्या घरात ती उजवीकडूनच आत यायला हवी. उलटी आली तर प्रेक्षकाला ती परत आपल्याच घरी आली असं वाटतं. दोन माणसं बोलत असतील तर त्यांच्यामधून एक रेघ गेली आहे असं समजून कॅमेरा रेघेच्या एकाच बाजूला, 180 अंशांतच फिरवायचा, हाही त्याच घराण्यातला नियम. आमच्याकडे बोलणारी दोन माणसंच नव्हती. पण दोन घरं होती, आणि त्यांच्यातही अशी रेघ असते. मी जमिनीवर खडूनं प्रत्यक्ष रेघ मारली होती. शेवटच्या प्रसंगात, फोन उचलायला ती जाते तेव्हा, आम्ही ती जाणूनबुजून ओलांडली. बघणाऱ्यांपैकी कुणाच्याही हे लक्षात आलं नाही. काहींनी एवढंच विचारलं की तिथे घर अचानक वेगळं का वाटतं.

आता आवाज. नवख्या फिल्मची परीक्षा चित्रावर होते असं आपण समजतो. चित्र जरा हललं, अंधारलं, फोकस किंचित सुटला तरी लोक चालवून घेतात. कधी त्याला शैलीही म्हणतात. आवाज फाटका असला की दहाव्या सेकंदाला त्यांचा हात खिशातल्या फोनकडे जातो.

कथेत मी ‘शांतता होती’ असं शेकडो वेळा लिहिलं असेल. भाच्यानं कानाला हेडफोन लावून पहिल्यांदा त्या खोलीचा आवाज ऐकवला तेव्हा मला शांततेत कायकाय असतं ते कळलं. फ्रीजची घरघर. पंख्याचा एका विशिष्ट ठिकाणी येणारा टक्‌ असा आवाज. लांबची वाहनं. टाकीत पडणारं पाणी. खिडकीच्या काचेचा अधूनमधून येणारा थरकाप. कान हे सगळं रोज गाळून टाकतो. मायक्रोफोनला भीड नाही. त्यानंतर आम्ही प्रत्येक टेकच्या आधी घर बंद करत जायचो: पंखा बंद, फ्रीज बंद, सगळे फोन एअरप्लेन मोडवर. फ्रीज परत सुरू करायचं विसरू नये म्हणून गाडीची किल्ली फ्रीजमध्ये ठेवायची, ही साउंडवाल्यांची जुनी युक्ती. किल्लीशिवाय घरी जाता येत नाही, आणि किल्ली काढायला फ्रीज उघडावाच लागतो.

पण सगळं बंद करूनही जी उरते, ती त्या खोलीची स्वतःची शांतता, आणि ती वेगळी रेकॉर्ड करून ठेवावी लागते. तिला रूम टोन म्हणतात. काम संपलं की सगळ्यांनी आहे तिथे थांबायचं आणि अर्धा-एक मिनिट खोलीला नुसतं ऐकायचं, कॅमेरा नाही, फक्त रेकॉर्डर. एडिटिंगच्या वेळी दोन संवादांच्या मधे, किंवा एखादा नको असलेला आवाज कापल्यावर, तिथे भोक पडतं. पूर्ण निरव भोक. प्रेक्षकाला वाटतं स्पीकर गेला. ते भोक बुजवायला त्याच खोलीची शांतता लागते, शेजारच्या खोलीची चालत नाही. आम्ही दोन घरांच्या दोन वेगळ्या शांतता साठवल्या. बाईच्या स्वतःच्या घराच्या शांततेत लांबून येणारी माणसांची कुजबुज ठेवली, शेजारच्या घरात अगदी बारीक, पोकळ असा हवेचा आवाज. मधल्या भागात भाच्यानं मला न सांगता शेजारच्या घराची शांतता बाईच्या घरातल्या एका शॉटखाली सरकवून ठेवली होती. चित्रात ती आपल्या घरी पलंगावर बसलेली, कानाला मात्र ती तिकडेच. मी ते पाहून विचारलं, “हे काय?” तो म्हणाला, “तिचं लक्ष तिकडे आहे ना मावशी.” पेन्सिलवाल्या मित्रानं संहितेत जिथे सगळ्यात मोठी फुली मारली होती, ‘तिचं मन आता घरात लागत नव्हतं’, त्याचं उत्तर हे होतं. कॅमेरा कुठे ठेवायचा हा प्रश्नच तिथे चुकीचा होता.

पाण्याचा आवाजही खोटा आहे, हेही सांगून टाकते. मातीत पाणी पडतं ते जवळजवळ मुकाट. रेकॉर्ड केलं तर काहीच घडत नाहीये असं वाटतं. मग ओल्या फडक्यावर, रद्दी कागदावर, वाळलेल्या पानांवर पाणी ओतून जो आवाज ‘कुंडीत पाणी’ वाटला तो लावला. या कामाला फोली म्हणतात, हॉलिवूडमधल्या जॅक फोली यांच्यावरून. बोलपट सुरू झाले त्या काळात पडद्यावर बघत बघत पावलांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज देण्याची पद्धत त्यांनी रुळवली. घरातली सगळी माणसं झोपल्यावर आम्ही दोघं फडक्यावर पाणी ओतत बसलो होतो, ती रात्र या सगळ्या प्रकरणातली माझी सगळ्यात आवडती.

एडिटिंगला बसलं की कथालेखकाला पुन्हा घरी आल्यासारखं वाटतं. इथे परत पुढचं मागे करता येतं, खोडता येतं. सेकंदाला 24 चौकटी धरल्या तर आठ मिनिटांच्या फिल्मच्या 11,520 चौकटी होतात, आणि यातल्या कुठल्याही दोन चौकटींच्या मधे वाक्य मोडता येतं. शंभरेक वर्षांपूर्वी रशियात लेव्ह कुलेशोव्हनं एका नटाचा एकच निर्विकार चेहरा वेगवेगळ्या चित्रांना जोडून दाखवला आणि बघणाऱ्यांना त्याच चेहऱ्यावर कधी भूक दिसली, कधी शोक. मला हे वाचून माहीत होतं, पण विश्वास बसला तो आमच्या मैत्रिणीच्या एका शॉटमुळे. कॅमेरा चालू आहे हे तिला माहीत नव्हतं. ती पुढच्या प्रसंगातलं वाक्य मनात घोळवत भिंतीकडे बघत होती. तो तुकडा आम्ही शेजाऱ्यांच्या कौटुंबिक फोटोनंतर लावला. जो बघतो तो म्हणतो, काय सोसलंय त्या बाईनं!

सलगतेचा, म्हणजे एका शॉटमधलं सगळं पुढच्या शॉटशी जुळायलाच हवं याचा, धाक मात्र एडिटिंगमध्ये गळून पडला. एका ठिकाणी किल्ली डाव्या हातातून उजव्या हातात उडी मारते. वहीत नोंद असूनही. दोन टेकपैकी हात जुळणारा टेक निर्जीव होता, न जुळणारा जिवंत. वॉल्टर मर्च या नामवंत एडिटरनं कट कुठे घ्यावा याची सहा कारणं टक्क्यांत मांडली आहेत. भावनेला 51 टक्के, आणि जागेच्या अचूक सलगतेला तळाचे 4. आम्ही न जुळणारा टेक ठेवला आणि वहीला नमस्कार केला.

फोनच्या रिंगबद्दल. आधी ती शेजारच्या घरातल्या शॉटमध्येच वाजायची, बाई वळायची, बघायची. बरोबर होतं आणि मेलेलं होतं. मग रिंग थोडी आधी ओढली. बाई अजून स्वतःच्या घराचं दार ओढून घेतेय, किल्ली शोधतेय, आणि कुठेतरी फोन वाजतोय. प्रेक्षकाला वाटतं हिच्याच घरातला. ती मात्र आपल्या दाराकडे वळत नाही, शेजारच्या दाराकडे धावते. म्हणजे त्या फोनला ‘आपला’ समजणारी ती एकटीच. एवढ्या एका बदलानं शेवटचं वाक्य जड झालं, आणि ते जड करायला मी कागदावर काय काय केलं होतं ते आठवून हसू आलं.

फिल्म दाखवल्यावर पहिला प्रश्न सगळ्यांचा एकच: फोन कुणाचा होता? मला माहीत नाही. तो फोन मेलेला होता, रिंग मागून भरली, रिसीव्हरमध्ये काहीच नव्हतं. मैत्रिणीनं स्वतःशी कुणीतरी ठरवलं होतं म्हणे, पण ती सांगत नाही, आणि मी दिग्दर्शक असल्याचा धाक दाखवूनही सांगत नाही.

दुसरा वाद अजून मिटलेला नाही. “हो, घरीच आहे” नंतर आमच्याकडे आणखी एक शॉट आहे. बाई रिसीव्हर ठेवते, वाकून कुंडीखालची ताटली उचलते आणि पाणी न सांडता बेसिनकडे नेते. साधारण चौदा सेकंद. कॅमेऱ्यावाला मित्र म्हणतो काढ, वाक्यावर संपव. भाचा म्हणतो ठेव, तिथे पाण्याचा आवाज फार छान आहे, पण त्याचं मत मी हितसंबंधांमुळे धरत नाही. मी तो काढून पाहिला. फिल्म धारदार होते, लोक शेवटी ‘अरे!’ म्हणतात. ठेवला की ‘अरे’ म्हणायला कुणी उरत नाही, लोक चुळबुळतात, कारण आता बाईला परत जायचंय आणि तिथेच काम पडलंय. काढल्यावर फिल्म हुशार दिसते. ठेवल्यावर बाई दिसते. एका महोत्सवाला पाठवायची शेवटची तारीख होती त्या रात्री मित्राचा पुन्हा निरोप आला: ‘काढलास ना?’ मी चौदाचे अकरा सेकंद केले आणि पाठवून दिली.